धाकट्याचं बिऱ्हाड : बेळगाव टोकाच्या नोंदी

12 जानेवारी 2025, शहापूर, बेळगाव

काम: धाकटा आणि सूनबाई यांचं बिऱ्हाड जर्मनीत, श्टुटगार्टला हलवणे. मुदत मार्चअखेर. तिकडचं टोक ती दोघं सांभाळतील, इकडचं मी.

उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, मशीनशॉपला सुपरवायझर होतो तेव्हा शिफ्ट सुटताना लॉगबुक लिहावं लागे. काय झालं, काय अडलं, पुढच्या शिफ्टनं काय बघायचं. त्याच पद्धतीनं ही वही. ही म्हणते, "पोरं संसाराला चाललीत की ओ, डिस्पॅचला नव्हे." असू दे. लिहून ठेवलं की कोण काय म्हणालं यावर नंतर वाद राहत नाही.

आजची स्थिती: धाकट्याचं नेमणूकपत्र आलं आहे. त्याला ब्लू कार्ड मिळेल, म्हणजे शिकलेल्यांना तिकडे नोकरीसाठी राहायचा परवाना. त्यासाठी 2025 ला वर्षाचा पगार किमान 48,300 युरो लागतो, तो बसतो. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे पोचल्यावर नोकरीलाही मोकळीक असते. म्हणून दोघांचे अर्ज एकदमच टाकायचे ठरले. आधी तो जाऊन मग सहा महिन्यांनी ती, हा विचार हिनं पहिल्याच दिवशी उडवून लावला.

लग्न एक, पण कागद दोन राज्यांचे. धाकट्याचा जन्म इथला, त्याचे कागद कानडीत. सूनबाई चंदगड तालुक्यातली, तिचे मराठीत. तिची पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, त्याची व्हीटीयूची, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची. व्हीटीयूचं मुख्यालय मच्छ्याला, राज्यभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचा कारभार तिथून चालतो आणि आम्हाला ते खानापूर रोडनं सिटी बसच्या अंतरावर. लग्न बेळगावात लागलं, म्हणजे नोंदणी इथल्या उपनिबंधकाकडे. जर्मन वकिलातीला कानडी काय, मराठी काय, दोन्ही सारखंच. दोन्हीचं भाषांतर द्यायचं.

26 जानेवारी

जर्मनीच्या व्हिसाला कर्नाटकातल्यांनी बेंगळूर गाठायचं, महाराष्ट्रातल्यांनी मुंबई. सूनबाईचा पासपोर्ट चंदगडच्या पत्त्याचा. चंदगडची माणसं बाजाराला, दवाखान्याला बेळगावात येतात, इथे मुली देतात, इथल्या करतात. पण शिनोळीची हद्द ओलांडली की वकिलात बदलते. नवरा बेंगळूरला आणि बायको मुंबईला असं व्हायला नको म्हणून आधी तिच्या आधारवरचा पत्ता शहापूरचा करून घेतला. तो हातात आल्यावर पुढचं हललं. सीमेवरच्या जोडप्यांनी हे काम पूजा-गोंधळ आटोपले की लगेच उरकावं.

पासपोर्टवर धाकट्याचं जन्मस्थान जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं आहे, आणि महापालिकेनं आता दिलेल्या जन्मदाखल्यावर नव्या. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बदललं, त्याच्या अधिसूचनेची प्रत फाइलला जोडली. आम्ही आपले बोलताना, लिहिताना अजून बेळगावच म्हणतो, पण ते जर्मनांना सांगण्यात अर्थ नाही.

2 मार्च

व्हिसा आले. दोघांचेही.

आता 'गेल्यावर बघू' असं जे जे धाकटा म्हणतो ते सगळं जाण्याआधी करून घ्यायची मोहीम. परदेशी राहायला गेलेल्याला साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, परकी चलनाच्या फेमा कायद्यानं ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या उत्पन्नाचं खातं, करून घ्यावं लागतं. एनआरओच्या व्याजातून तीस टक्के कर आधीच कापला जातो. एनआरई हे परदेशी कमाईचं खातं, त्याच्या व्याजाला इथे कर नाही. तेव्हा तिकडचा पगार इकडे पाठवायचा तर एनआरई, आणि इकडचं भाडं, इकडचं उत्पन्न एनआरओत. दोन्ही फॉर्म भरून घेतले.

खानापूर तालुक्यातल्या तुकड्याच्या उताऱ्यावर त्याचंही नाव आहे. माझ्या नावाचं मुखत्यारपत्र इथेच, उपनिबंधकासमोर करून घेतलं. तिकडे गेल्यावर करायचं म्हटलं तर भारतीय वकिलातीत जाऊन साक्षांकन, मग कागद इकडे येणार, आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. त्यापेक्षा इथे एक सकाळ घालवलेली बरी. धाकटा कुरकुरला. करवादू दे.

मिक्सर न्यायचा का नाही यावर घरात दोन तट पडले होते. तांत्रिक निकाल माझा: तिकडेही 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. मोटरीला काही होत नाही, फक्त पिन बदलायची. मिक्सर बॅगेत गेला. कुकर इंडक्शनला चालणारा घेतला, कारण तिकडे गॅस बऱ्याच घरांत नसतोच.

22 मार्च

गेले. मुंबईहून फ्रँकफर्ट, पुढे रेल्वेनं श्टुटगार्ट. हिनं पाण्यानं डोळे पुसले आणि लगेच वरच्या खोलीतलं कपाट आवरायला घेतलं.

30 मार्च, पाडवा

गुढी उभारली, त्यांना व्हिडिओवर दाखवली. आजच तिकडची घड्याळं एक तासानं पुढे गेली. मार्चच्या शेवटच्या रविवारी जातात. काल आपण साडेचार तास पुढे होतो, आजपासून साडेतीन. हिनं विचारलं, "मग गेलेला तास कुठं जातो?" ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मिळतो, म्हणून सांगितलं.

सध्या मुक्काम एका सामानासकट भाड्यानं घेतलेल्या खोलीत. रविवारी दुकानं बंद असतात हे त्यांना शनिवारी रात्री कुणी सांगितलं नाही. पाडव्याचं जेवण: इथून नेलेली शेंगाचटणी, ब्रेड आणि फुटाणे.

17 एप्रिल

तिकडे राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची असते. घरमालकाचं पत्र लागतं की ही माणसं खरंच इथे राहतात. ते झालं. त्यानंतर करक्रमांक पोस्टानं येतो, अकरा आकडी. तो येईना.

कारण कळलं ते असं. तिकडच्या इमारतींत फ्लॅट नंबर लिहायची पद्धत नाही. पोस्टमन खालच्या पेट्यांवरची आडनावं वाचतो. पेटीवर नाव नाही म्हणजे माणूस नाही, पत्र परत. यांच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. इथे 'आचार्य गल्ली, शहापूर' एवढ्यावर पत्र आलेलं आहे, पोस्टमननं हाक मारून दिलेलं आहे. सूनबाईनं वहीचा कागद कापून आडनाव लिहिलं, वर सेलोटेप मारली, पेटीला आणि बेलला. चौथ्या दिवसापासून पत्रं सुरू झाली. एकदम इतकी, की धाकटा घाबरला. आरोग्य विमा, बँक, शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी: घरात टीव्ही असो नसो, दर घराला महिन्याला 18.36 युरो.

एक मजा झाली. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा मुलाच्या नावाला जोडून बापाचं नाव असतं. तिकडच्या कॉम्प्युटरला ते त्याचंच दुसरं नाव वाटतं. त्यामुळे करखात्याचं पत्र धाकट्याच्या आणि माझ्या अशा जोडनावानं येतं. सूनबाई म्हणाली, "मामा, तुमच्या नावानं इथं कर भरायला बोलावलंय." भरतो म्हटलं, पेन्शन पाठवा.

सूनबाईला आरोग्य विमा धाकट्याच्या विम्यातच मिळाला, वेगळा हप्ता नाही. सरकारी पद्धतीच्या विम्यात मिळकत नसलेल्या जोडीदाराला तसा मिळतो. ही गोष्ट हिला फार आवडली.

11 मे

घर मिळालं. फॉयरबाख भागात, कारखान्यांच्या जवळ, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं घेता येते, आणि ती तीन हप्त्यांत द्यायची मुभा कायद्यानंच आहे. सूनबाईनं हे वाचून ठेवलं होतं म्हणून हप्ते मिळाले. धाकटा एकरकमी द्यायला निघाला होता.

आता मुख्य अडचण. घराला स्वयंपाकघर नाही. म्हणजे खोली आहे, पण आत ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. भिंतीतून नळाचं तोंड बाहेर आलेलं आणि एक जाड वायर. तिकडे बऱ्याच ठिकाणी भाडेकरू आपलं स्वयंपाकघर आपण आणतो आणि जाताना घेऊन जातो. हिला हे तीनदा सांगावं लागलं. "सिंक घेऊन जातात? काढून?" होय, काढून.

नवं बसवायला हजारो युरो. पहिले दहा-बारा दिवस बाथरूममध्ये भांडी घासली. मग खालच्या मजल्यावरच्या एका आजीबाईंनी सूनबाईला जिन्यात थांबवून काहीतरी विचारलं. सूनबाईला मोडकंतोडकं समजलं. त्या आजींच्या बहिणीचं घर रिकामं होत होतं, त्यातलं स्वयंपाकघर नुसतं सोडवून न्यायचं होतं, पैसे नकोत. रविवारी ड्रिल लावता येत नाही, सगळी शांतता पाळायची असते, म्हणून शनिवारी दोघांनी ते उतरवलं, भाड्याच्या गाडीतून आणलं, तीन मजले चढवलं. शेगडीची वायर जोडायला मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा असं मी फोनवर बजावलं. तीन फेजचं काम आहे, हौसेनं करायचं नव्हे.

धाकटा विचारतो, दोन महिने झाले तरी घर का लागत नाही? लेथवर नवा जॉब चढवला की सेटिंगलाच अर्धी शिफ्ट जाते, कटिंग दहा मिनिटांचं असतं, हे त्याला मी लहानपणी दुकानात नेऊन दाखवलं आहे.

8 जून

पार्सल. हिनं यादी केली त्यात पहिला नंबर कुंद्याचा. बेळगावचा माणूस परगावी जातो तर कुंदा नेतो, हे कलम आहे. पण युरोपात बाहेरच्या देशातून खाजगी पार्सलनं किंवा बॅगेतनं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून. कुंदा म्हणजे आटवून तांबूस केलेला खवा, दुसरं काय. बाद. लोणी कढवून केलेलं तूप, तेही बाद. ताजा कढीपत्ता बाद, कारण ताज्या पाल्याला, भाजीला रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. अशा प्रमाणपत्रातून सुटलेली पाच फळं आहेत: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. हिनं यादी वाचून म्हटलं, "नारळ सुटलाय ते बरं झालं, नाहीतर पूजा कशी करणार?"

गेलं ते असं: संकेश्वरी मिरचीची पूड, कांदा-लसूण चटणी, कारळ्याची चटणी, सांडगे, वाळवलेला कढीपत्ता, मेतकूट. नातेवाइकानं नातेवाइकाला पाठवलेल्या 45 युरोपर्यंतच्या भेटीवर तिकडे जकात नाही, म्हणून किंमत प्रामाणिकपणे, वस्तुवार लिहिली. 'खाद्यपदार्थ' असं मोघम लिहू नये. प्रत्येक पुडीचं नाव, वजन, किंमत. पार्सल उघडणाऱ्या माणसाला काळी पूड कसली हे कळलं पाहिजे.

तव्याचं काम वेगळं. तिकडच्या काचेच्या शेगडीवर आपला खोलगट तवा मधोमधच टेकतो, कडा थंड राहतात, भाकरी निम्मी कच्ची. बिडाचा जाडसर तवा घेतला आणि उद्यमबागेत जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये लेथच्या चार जॉच्या चकात उलटा धरून तळाचं फेसिंग करून घेतलं, म्हणजे तळ कापून सपाट केला. मधोमध आरपार होऊ नये म्हणून कट अगदी बारीक, पाव-पाव मिलिमीटरचे. शेवटी कडेची धार पॉलिश पेपरनं मारली, नाहीतर काचेला ओरखडे. सरळपट्टी लावून उजेडाकडे धरला, पट्टीखालून उजेड येईना. पोराला चहा सांगितला. तवा म्युनिकला चाललेल्या ओळखीच्या एका मुलीच्या बॅगेतून गेला. तिच्या आईनं बॅगेचं वजन बघून माझ्याकडे बघितलं, ते लिहीत नाही.

29 जून

तवा पोचला. भाकरी जमली. जोंधळ्याचं पीठ तिथल्या एका श्रीलंकन तमिळ माणसाच्या दुकानात मिळतं. जाळ नाही म्हणून तव्यावरच कापडानं दाबून फुगवायची. पहिल्या भाकरीचा फोटो आला. त्याच्या मागोमाग छतावरचा धूर-अलार्म ठणाणा वाजत असल्याचा व्हिडिओ. फोडणी खिडकी उघडून घालणे.

20 जुलै

ओटीपीची कहाणी. धाकट्याचा इथला मोबाइल नंबर बँकेला, आधारला, सगळ्याला जोडलेला. सिम माझ्याकडे, जुन्या हँडसेटमध्ये, टीव्हीच्या शेजारी चार्जरला लावलेलं. त्याला तिकडे काही करायचं झालं की फोन येतो, मी चष्मा शोधतो, आकडे वाचतो. आता आधार आणि उतारा जोडायचं काम आलं. कर्नाटकात 2024 पासून ते चालू आहे. तलाठ्यासमोर मी, हँडसेट खिशात, धाकटा मीटिंगमध्ये. ओटीपी आला तेव्हा रेंज गेली, रेंज आली तेव्हा ओटीपी संपला. शेवटी झालं. रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहिली आहे. ते सिम बंद पडलं तर खातं, उतारा सगळंच अडकेल.

याच फोनवर दुसरी एक गोष्ट कानावर आली. दोघांचं बिनसलं आहे. सूनबाईनं मे महिन्यापासून जर्मन शिकवणी लावली आहे, सरकारमदतीनं चालणाऱ्या प्रौढशाळेत, रोज सकाळी. धाकट्याच्या ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं, त्यामुळे त्याला 'शिकू की, काय घाई आहे'. परिणाम असा की घरी आलेलं प्रत्येक पत्र ती वाचते, घरमालकाला फोन ती करते, डॉक्टरची वेळ ती घेते, कचऱ्याच्या डब्यांची तारीख तिला माहीत. तो कमावतो म्हणून दमलेला, ती कमवत नाही म्हणून मोकळी, असं त्यानं धरलं आहे. ती फोनवर माझ्याशी बोलताना एवढंच म्हणाली, "मामा, मला इथं घरकाम नाही, ऑफिसकाम पडलंय."

मी काही बोललो नाही. ही मात्र धाकट्याला बोलली. "तू तिथल्या ऑफिसात पाव्हणा आहेस रे. गल्लीत राहूलाली ती." हे मला पटलं. मी उद्यमबागेत लागलो तेव्हा कामगारांत बैलहोंगलचे, गोकाकचे, सौंदत्तीचे निम्मे. त्यांच्या कानडीत मला रोज बोलणं भाग होतं म्हणून सहा महिन्यांत कानडी आली. माझ्याबरोबरचे दोन जण अकाउंट्सला होते, मराठीत निभत होतं. ते रिटायर झाले तरी बसचा बोर्ड विचारून चढतात.

27 ऑगस्ट, चतुर्थी

त्यांनी मातीचा गणपती घरी केला, विसर्जन बादलीत. आमच्याकडे पाऊस, आरतीला गर्दी. युरो शंभराच्या वर गेला आहे. धाकटा खूश, तिकडे जायचं तिकीट बघणारा मी नाराज.

21 सप्टेंबर

केअरवोखे. श्टुटगार्टच्या बाजूची ही पद्धत: इमारतीतल्या भाडेकऱ्यांनी आठवड्याच्या पाळीनं जिना, खालचं दार, पुढचा फुटपाथ झाडायचा, पुसायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक पाटी लटकते. पाळी संपली की पाटी पुढच्याच्या दाराला. यांच्या दाराला शनिवारी पाटी आली. धाकट्याला वाटलं, कुणीतरी सोसायटीची जाहिरात लावली. त्यानं ती काढून चपलांच्या स्टँडवर ठेवली.

सूनबाईनं बघितलं, वाचलं, आणि सकाळी झाडू घेऊन खाली उतरली. आजीबाई खिडकीतून बघत होत्या. ती जिना वरून खाली झाडत आली, पुसलं, पायपुसणं झटकलं, फुटपाथवरची पानं गोळा केली. मग आजी खाली आल्या आणि कोपऱ्यातल्या एका पायरीकडे बोट दाखवलं. तिथे धूळ राहिली होती. सूनबाई म्हणते, तिला राग यायचा तो आलाच नाही, कारण तिची चंदगडची आजी अगदी अशीच सारवलेल्या अंगणात बोट दाखवायची. तिनं पायरी पुसली. आजींनी केक आणून दिला. दर आठवड्याला त्या दोघी आता चहा पितात, म्हणजे आजी कॉफी आणि सूनबाई चहा, आणि तिचं बोलणं शाळेपेक्षा तिथे जास्त सुधारलं आहे.

डब्यांचंही तिनं एकदा नीट सांगितलं, ते लिहून ठेवतो, आम्ही जाऊ तेव्हा लागेल. कागद वेगळा, खरकटं वेगळं, पॅकिंगचं प्लॅस्टिक-पत्रा वेगळं, उरलेलं वेगळं. काचेच्या बाटल्या रस्त्याच्या कडेच्या मोठ्या पेटीत, पांढरी, हिरवी, तपकिरी अशा तीन, आणि रविवारी टाकायच्या नाहीत, आवाज होतो. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली फेकायची नाही, तिच्यावर 25 सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात घातली की पावती मिळते. हिनं लगेच हिशोब केला: चार बाटल्या, एक युरो, शंभर रुपये.

26 ऑक्टोबर

तास परत मिळाला. दिवाळीचा फराळ पोस्टानं गेला होता, लाडू डालड्याचे. हिच्या मनाला लागलं आहे, पण तुपाचं आता तिलाच पाठ आहे.

1 नोव्हेंबर

आज दुपारी व्हिडिओ लावला तर दोन्हीकडे सामसूम. इथे काळा दिन. 1956 साली याच तारखेला राज्यं नव्यानं पाडली आणि आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, तेव्हापासूनचा. मूक सायकल फेरी गेली, मराठी गल्ल्यांत दुकानं बंद. चन्नम्मा सर्कलला कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि डीजे. तिकडे बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या राज्यात, सर्व संतांचा दिवस, सरकारी सुट्टी, तिकडचीही दुकानं बंद. धाकटा म्हणतो, "बाबा, 1 नोव्हेंबर काही पाठ सोडत नाही."

त्यालाच विचारून एक शोध लागला. महाराष्ट्राचा करार आहे बाडेन-व्युर्टेम्बेर्गशी, 2015 पासून. कर्नाटकाचा बव्हेरिया या तिथल्या दुसऱ्या राज्याशी, 2007 पासून. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं. म्हणजे पोरगा बेळगावातून निघाला तो जर्मनीत जाऊन का होईना, महाराष्ट्राच्या वाट्याला आला. आमच्या कट्ट्यावर हे सांगितलं तेव्हा एकानं महाराष्ट्र एकीकरण समितीच्या फलकावर लिहायला सांगितलं.

16 नोव्हेंबर

दोघं ट्यूबिंगेनला जाऊन आली, श्टुटगार्टपासून रेल्वेनं तासाभराच्या आत. मीच पाठवलं होतं. 1894 साली कानडी-इंग्रजी कोश काढणारे फर्डिनांड किट्टेल 1903 मध्ये तिथे वारले. बासेल मिशनचे पाद्री, धारवाडला राहिलेले. धारवाडचं किट्टेल कॉलेज त्यांच्याच नावाचं. शॉपमधला एक कामगार मला कानडी शब्द अडला की हसून म्हणायचा, साहेब, किट्टेल बघा. सूनबाईनं नदीकाठच्या जुन्या घरांचे फोटो पाठवले. धाकट्यानं जेवलेल्या ताटाचा.

खरी बातमी वेगळी. ब्लू कार्डवाल्याला कायम वास्तव्याचा परवाना 27 महिन्यांनी मिळू शकतो, जर्मन साधारण ए-वन, म्हणजे पहिल्या पातळीची आली तर. बी-वन, म्हणजे तिसरी, आली तर 21 महिन्यांनी. सूनबाई ए-टू पुरं करत आली आहे. धाकटा शून्य. परवान्यासाठी भाषा त्याची बघणार, तिची नव्हे. हे कळल्यावर त्यानं संध्याकाळची शिकवणी लावली. आता घरात सहा ते सात ती त्याचा गृहपाठ तपासते. आणि घरमालकाला फोन करायची जबाबदारी त्याच्याकडे, चुकलं तरी. तिनं अट घातली आहे. हीटर खडखडतो म्हणून त्यानं पहिला फोन केला, घरमालकाला काय समजलं देव जाणे, माणूस आला तो खिडकी दुरुस्त करायला. खिडकीही नादुरुस्त होतीच, तेवढं काम झालं.

सूनबाईची एका प्रयोगशाळेत अर्धवेळ नोकरीची मुलाखत आहे. पदवी तिकडे मान्य आहे, कागद आम्ही जानेवारीतच पक्के केले होते.

7 डिसेंबर

थंडी. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून घर वाऱ्यावर सोडायचं, मग बंद. नाहीतर भिंतींना बुरशी, आणि बुरशीचा खर्च भाडेकरूच्या माथी येऊ शकतो. हे आम्हाला सांगायला नको, जांबोटी-खानापूरच्या पावसात कपाटातल्या चपलांना मिशा फुटतात. बर्फ पडला तर पाळीवाल्यानं फुटपाथ सकाळी लवकर साफ करायचा. धाकट्याला फावडं घ्यायला सांगितलं.

21 डिसेंबर

सूनबाईला नोकरी लागली, जानेवारीपासून. अर्धवेळ. आता घरकामाची वाटणी नव्यानं होणार, त्यात मी पडणार नाही.

इकडच्या टोकाचं पुढचं काम: आम्हा दोघांचा मे महिन्याचा दौरा. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. फी माणशी 90 युरो. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा. धाकट्यानं आमच्या खर्चाची हमी तिथल्या कार्यालयात लिहून द्यायची, त्याची फी 29 युरो, मूळ कागद पोस्टानं इकडे. फोन त्यानं स्वतः केला, जर्मनमध्ये, आणि वेळ बरोबर मिळाली. व्हिसाच्या अर्जाला बोटांचे ठसे घेतात, ऑक्टोबरपासून सीमेवर फोटोही, हिच्या बोटांचे ठसे आधारलाही उमटत नव्हते, तेव्हा हाताला खोबरेल लावत राहणे.

मेमध्ये आम्ही पोचू त्याच आठवड्यात केअरवोखेची पाटी यांच्या दाराला येते आहे. सूनबाईनं आधीच कळवलं. ही म्हणाली, "मग तिथला झाडू कसला असतो? आपला शिंदीचा न्यावा काय?"

शिंदीचा झाडू कस्टमला चालतो का, ते विचारून ठेवणे.